म्युझिकल थिएटरसाठी अमेरिकेत ऑडिशन द्यायची म्हणतेस, तर आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. सांगली, बारावी, गाण्याच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा, सात वर्षं भरतनाट्यम, शाळेत दोन नाटकं, आणि आता अमेरिकेत म्युझिकल थिएटरची, म्हणजे गाणं-नाच-अभिनय एकत्र असलेल्या नाटकाची, डिग्री करायचीये. ऑडिशन कशी असते हा तुझा प्रश्न आणि "पुढे काय" हा बाबांचा. नाट्यपंढरीतली मुलगी नाटक शिकायला सातासमुद्रापार निघालीये हे ऐकून हसूच आलं, पण असो. मी पुण्यात एफवाय करून आले, मिडवेस्टातल्या एका युनिव्हर्सिटीत चार वर्षं बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, केलं, आता न्यूयॉर्कात अ‍ॅस्टोरियाला तिघींत मिळून एक फ्लॅट आहे. लांबण लागणारे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे बीए आणि बीएफए यातला फरक नीट समजून घे. बीएमध्ये थिएटरबरोबर बाकीचे विषय भरपूर, बऱ्याच ठिकाणी ऑडिशनसुद्धा नसते. बीएफए म्हणजे सकाळी बॅले, मग व्हॉइस, मग अ‍ॅक्टिंग, मग टॅप डान्स, संध्याकाळी तालीम, असं रोज. आणि बीएफएला जागा किती? मिशिगन, कार्नेगी मेलन, सिनसिनाटीचं सीसीएम अशा नाव असलेल्या ठिकाणी म्युझिकल थिएटरच्या एका बॅचला साधारण दहा ते पंचवीस मुलं घेतात, आणि अर्ज शेकड्यांनी येतात, काही ठिकाणी हजाराच्या वर. म्हणून इथली मुलं पण बारा, पंधरा, वीस ठिकाणी अर्ज टाकतात. तू तीनच कॉलेजं लिहिलीयेस आणि तिन्ही सगळ्यात अवघड, ती लिस्ट आजच बदल. आणि हो, दोन ठिकाणी अर्ज करावा लागतो, एक युनिव्हर्सिटीला मार्क आणि निबंधांचा, दुसरा डिपार्टमेंटला ऑडिशनचा. एकीकडे पास, दुसरीकडे नापास, असं होतं.

वेळापत्रक असं धर. आधी प्रीस्क्रीन, म्हणजे व्हिडिओ. दोन वेगवेगळ्या मूडची गाणी, प्रत्येकी ६० ते ९० सेकंद, एक मोनोलॉग म्हणजे एकटीने म्हणायचा नाटकातला उतारा, तोही तेवढाच, थोडा डान्स, आणि बऱ्याच ठिकाणी एक वाइल्ड कार्ड म्हणजे तुला जे दाखवायचं ते. आता बऱ्याच कॉलेजांनी मिळून एक कॉमन प्रीस्क्रीन केलंय त्यामुळे दर कॉलेजला वेगळं शूट करावं लागत नाही, पण कॅमेऱ्यात कंबरेपासून वर दिसायचं की पूर्ण, गाणं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या जुन्या म्युझिकल्समधलं हवं की आत्ताचं, हे प्रत्येकाचं बघून घ्यायचं. गाण्याच्या मध्ये कट चालत नाही, एकच टेक. हे बहुतेक सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये द्यायचं असतं, म्हणजे गाणी उन्हाळ्यातच ठरलेली हवीत, दिवाळीत नाही! त्यातून निवडलेल्यांना लाइव्ह ऑडिशन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निकाल मार्चअखेरपर्यंत, आणि १ मेच्या आत हो किंवा नाही कळवायचं.

लाइव्हसाठी कॅम्पसवर जाता येतं, नाहीतर युनिफाइड्स नावाचा प्रकार असतो, जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसला अनेक कॉलेजं एकाच ठिकाणी येऊन ऑडिशन घेतात. शिकागोला पामर हाउस हॉटेलात लिफ्टमध्ये, जिन्यात, बाथरूममध्ये, जिथे बघावं तिथे सतरा वर्षांची मुलं आ-ऊ करत गळा तापवत असतात. तू मात्र त्यासाठी तिकीट काढू नकोस. मुंबईत व्हिजिटर व्हिसाची तारीख मिळायलाच महिने जाऊ शकतात, आणि आता खूप कॉलेजं झूमवर किंवा रेकॉर्डिंगवर ऑडिशन घेतात. घरूनच दे, त्यात कमीपणा काही नाही.

आता गाणं. इथे आपली शास्त्रीयवाली मुलं मार खातात, मी पण खाल्ला. तुला गाता येतं म्हणून तू गाणं फुलवायला जाशील, शब्द दोनदा घेशील, मध्ये एखादी हरकत टाकशील. इथे ९० सेकंदात एक माणूस एका दुसऱ्या माणसाला काहीतरी मागतोय एवढंच बघतात. गाणं सुरू व्हायच्या आधी तू कोणाशी बोलतेयस आणि तुला त्याच्याकडून काय हवंय हे तुला माहीत हवं, बस. मजा म्हणजे आपल्या नाट्यसंगीताची पदं मुळात नाटकातच असतात, पात्र बोलता बोलता गायला लागतं, फक्त मैफिलीत गाऊन गाऊन आपण ते विसरलो. तुझ्या बाईंना सांग की हे पद मैफिलीत नाही, प्रसंगात बसवायचंय. मी वाइल्ड कार्डला एक नाट्यपदच गायले होते, फक्त तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर, आणि नंतरच्या गप्पांत पॅनेलने फक्त त्याबद्दलच विचारलं.

आवाजाचं अजून एक. आपण बायका बहुतेक पेटीच्या काळी चार-काळी पाच पट्टीला खालून, छातीतून गातो, त्यामुळे बेल्ट म्हणतात तो दणदणीत आवाज तुला लवकर येईल. पण वरचा हलका आवाज, ज्याला इथे हेड व्हॉइस म्हणतात, तो आपण वापरतच नाही, आणि जुन्या ब्रॉडवेची गाणी त्यावरच उभी असतात. आत्तापासून ऑनलाइन एखादी व्हॉइस टीचर धर आणि तेवढंच शिक.

लाइव्हला समोर पियानोवाला असतो, त्याला तुझं नोटेशन द्यायचं. तो तुला पट्टी विचारणार नाही, कागदावर जी पट्टी छापलीये ती वाजवेल. मी पहिल्या ऑडिशनला काय केलं ऐक. घरच्या सवयीने त्याला सांगायला गेले की जरा खाली घ्या, जी शार्पला, म्हणजे आपली काळी चार. त्याने बिचाऱ्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वर झेरॉक्स काढताना प्रत्येक पानाची सगळ्यात खालची ओळ, म्हणजे डाव्या हाताची, अर्धी कापली गेली होती आणि पानं सुटी होती. दुसरं पान तिसऱ्या बारला, म्हणजे मात्रांच्या तिसऱ्या गटाला, खाली गेलं, पियानो थांबला, मी तशीच गात राहिले. त्या कॉलेजने घेतलं नाही हे सांगायला नकोच. तर तुझ्या पट्टीत ट्रान्स्पोज केलेली पीडीएफ विकत मिळते ती घे, कुठून सुरू आणि कुठे थांबायचं ते ठळक लिही, फाइलमध्ये लाव. लय सांगताना चुटक्या वाजवायच्या नाहीत, फार उद्धट समजतात, हळू आवाजात दोन ओळी गुणगुणून दाखवायच्या. झूमवर हा सगळा प्रश्न नाही, ट्रॅक लागतो, पण ट्रॅकची पट्टी पण बघच.

मोनोलॉग इंग्लिशमध्ये, छापलेल्या नाटकातला, तुझ्याच वयाच्या मुलीचा. नेटवरचे तयार मोनोलॉग नकोत. अमेरिकन अ‍ॅक्सेंट काढू नकोस, सांगलीचं स्वच्छ इंग्लिश चालतं, खोटं चालत नाही. मी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेसाठी बोलायला शिकलेली, इथे टेबल दहा फुटांवर! पहिल्या टेकमध्ये मी भांडतेय असं वाटत होतं. डान्सचं म्हणशील तर अरमंडीने, म्हणजे भरतनाट्यमच्या त्या गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीने, मांड्या तयार झाल्यात, पण अरमंडीत वजन खाली आणि बॅलेत सगळं वर ओढलेलं, त्यामुळे सुरुवातीला वेडंवाकडं दिसेल. सहा महिने बॅलेचे बेसिक कर. ते तुझ्याकडून उड्या नाही बघत, नवीन स्टेप दाखवली तर किती पटकन उचलतेस आणि चुकल्यावर तोंड कसं करतेस ते बघतात.

आता बाबांचा प्रश्न, आणि तो तुझ्या प्रश्नापेक्षा मोठाय. मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातं, म्हणजे सत्तर लाखांच्या आसपास, गुणिले चार. स्टेट युनिव्हर्सिट्या काही स्वस्त असतात पण आपल्याला बाहेरच्यांचा दर लागतो. टॅलेंट स्कॉलरशिप मिळते, बहुतेक वेळा थोडी. सरकारी मदत आपल्याला नाही, आणि कॉलेजची गरजेनुसारची मदत परदेशी मुलांना फार थोड्या ठिकाणी. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी आय-२० हा कॉलेजने द्यायचा कागद लागतो, तो मिळवायला निदान पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यात किराणा निघतो, फी नाही. मी डिपार्टमेंटच्या कॉस्च्युम शॉपमध्ये बटणं शिवली तीन वर्षं.

डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करायची परवानगी, १२ महिने. इंजिनिअर मुलांना वर आणखी २४ महिने मिळतात, ते आपल्याला नाहीत, आणि त्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. नाटकवाल्यांनी ९० दिवस बेकार राहायचं नाही, विनोदच आहे. पुढे बहुतेक लोक ओ-१ व्हिसाकडे, म्हणजे कलेत विशेष काम केलेल्यांच्या व्हिसाकडे, जातात, त्याला वकील लागतो आणि केलेल्या कामाची जाडजूड फाइल लागते, म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक प्रोग्रॅमची प्रत, प्रत्येक परीक्षण जपून ठेवायचं. माझी फाइल आत्ता वकिलाकडे आहे, काय होईल ते होईल.

माझं स्पष्ट मत, घर गहाण ठेवून चार वर्षांसाठी येऊ नकोस. मोठी स्कॉलरशिप मिळाली तर ये. नाहीतर पुण्या-मुंबईत पदवी कर, नाटक कर, आणि मग इथे किंवा लंडनला एक-दोन वर्षांचं मास्टर्स बघ, लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तर म्युझिकल थिएटरचा मास्टर्स वर्षभराचाच आहे. मी स्वतः असं का नाही केलं? कारण मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी एकोणीसाव्या वर्षी मी ऐकलं नसतं.

बाबांना सांग रविवारी सकाळी फोन करा, माझ्याकडे शनिवारची रात्र असते, पण त्याआधी वर्षाला किती झेपेल तो आकडा काढून ठेवा म्हणावं. आणि तू दोन गाणी आणि एक पद फोनवर रेकॉर्ड करून पाठव, बाईंच्या पेटीबरोबर चालेल, फक्त प्रत्येक ९० सेकंदाचं हं.