चवथीला फ्रिज घेतोयस? आधी कार्डाचा हिशेब कर

5 टक्के परत मिळतात असं दिसलं म्हणून लगेच कार्ड काढू नकोस. टाटा न्यू इन्फिनिटी क्रेडिट कार्डावर टाटांच्या क्रोमा दुकानात 5 टक्के मिळतात खरे, पण न्यूकॉइन्समध्ये, म्हणजे टाटांच्या पॉइंट्समध्ये. म्हणजे 40,000च्या फ्रिजवर 2,000 कॉइन्स, तेही पुन्हा टाटांकडेच खर्चायचे. अॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डावर अॅमेझॉनवरून घेतलंस, तर प्राइम मेंबर असशील तर 5 टक्के, नसशील तर 3. ईएमआय केलास की बहुतेक कार्डांवर रिवॉर्ड जातात, वर व्याजावर 18 टक्के जीएसटी. मी फसलो तो इथेच: बिलावर 'नो कॉस्ट' ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ता, आणि स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला जीएसटीची बारीक ओळ. म्हापशात, फोंड्यात ओळखीच्या दुकानदाराला रोखीचा भाव आधी विचार. तो 2,500 कमी करून घरी आणून बसवून देत असेल, तर कार्ड खिशातच राहू दे.