टर्बो बदललेल्या लिनिया टी-जेटला कोणता ईसीयू घालावा?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: चिपळूणला रोजच्या वापरात असलेली १.४ टी-जेट (टर्बो पेट्रोल) फियाट लिनिया, मूळच्या जागी एक माप मोठा टर्बो, समोर बसवलेला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), मिनिटाला ५५० सीसी इंधन सोडणारे इंजेक्टर, २०० अश्वशक्तीच्या आसपासचे उद्दिष्ट आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जाणे. एवढ्यासाठी मूळ ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) रीमॅप करावा, म्हणजे त्यातले आकडे बदलावेत, पिगीबॅक ही मधली पेटी त्याला जोडावी की त्याच्या जागी स्वतंत्र स्टँडअलोन ईसीयू घ्यावा, आणि घेतला तर कोणत्या कंपनीचा, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. उद्दिष्ट खरोखर २०० वरच थांबणार असेल आणि मूळ ईसीयूची फाइल नीट उघडून बदलू शकणारा ट्यूनर मिळत असेल, तर रीमॅपच करावा. तसा माणूस मिळत नसेल, किंवा तोंडाने २०० म्हणत असताना मनात २५० घोळत असेल (बहुतेकांच्या मनात ते असतेच), तर स्टँडअलोन घ्यावा. पिगीबॅकचा विचार या गाडीपुरता सोडून द्यावा.

पिगीबॅकबद्दल फार लिहीत नाही. तो सेन्सरकडून येणारे आकडे मध्येच बदलून ईसीयूपुढे ठेवतो. ईसीयू मात्र एक्झॉस्टमधल्या लॅम्डा (ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरवरून फरक ओळखतो आणि काही दिवसांत आपली इंधनाची दुरुस्ती शिकून घेतो. मग ट्यूनरने बसवलेले गणित हळूहळू सरकत जाते. शिवाय इंजेक्टरचे माप बदलल्यावर चुकीच्या आकड्यांवर दुसरे चुकीचे आकडे रचत जावे लागते, आणि इग्निशन टायमिंगवर (ठिणगी केव्हा पडावी यावर) तर साध्या पिगीबॅकचा ताबा जवळजवळ नसतोच.

रीमॅपला माझे पहिले प्राधान्य का, ते सांगतो. याच १३६८ सीसीच्या इंजिनातून कारखान्याने आपल्याकडच्या लिनियात ११४ आणि अबार्थ पुंटोत १४५ अश्वशक्ती काढली, तर युरोपातल्या अबार्थ ६९५ बिपोस्तोत तीच १९० पर्यंत नेली. टर्बो आणि इंजेक्टर निराळे होते हे खरे, पण नियंत्रणाची मूळ चौकट त्या शक्तीला कमी पडली नाही. मूळ ईसीयू ठेवला की इमोबिलायझर, मीटरची काटापट्टी, एसीचा कॉम्प्रेसर, पंख्याचे टप्पे आणि पावसाळी सकाळी एका फटक्यात सुरू होण्याचा गुण हे सगळे फुकट पदरात पडते. स्टँडअलोनवर यातली प्रत्येक गोष्ट पुन्हा उभी करावी लागते, आणि त्या कामाचे बिल डायनोच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यात कुठेच दिसत नाही.

मात्र रीमॅप करणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. नव्या इंजेक्टरचा प्रवाह आणि त्याचा डेड टाइम बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे फाइलमध्ये भरता येतो का? मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ३ बारचा बसवला तर त्याचे मोजमाप बदलता येते का? आणि टॉर्कच्या मर्यादा, म्हणजे ईसीयू स्वतःहून थ्रॉटल (हवेची झडप) मिटवून घेतो त्या जागा, त्याला ठाऊक आहेत का? यातला डेड टाइमचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मोठ्या इंजेक्टरवर तोच गाडीचा स्वभाव ठरवतो. आयडलिंगला एकूण पल्स दोन-अडीच मिलिसेकंदांचा असतो आणि त्यातला जवळपास एक मिलिसेकंद इंजेक्टर उघडण्यातच जातो. रात्री हेडलाइट, वायपर आणि एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज उतरते, उघडायला लागणारा वेळ वाढतो, आणि तो तक्ता चुकीचा असेल तर गाडी सिग्नलला गचके खात बंद पडते. दोष मात्र टर्बोला दिला जातो. यापैकी एका प्रश्नालाही ‘बघू, करून घेऊ’ असे उत्तर आले, तर तो रीमॅप आपल्या गाडीसाठी नाही असे समजावे.

इंजेक्टरचे माप आपण योग्य निवडले आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ०.६ पौंड इंधन धरतात. २०० अश्वशक्ती, चार इंजेक्टर आणि ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा असण्याचे प्रमाण) या हिशेबाने प्रत्येकी मिनिटाला ४०० सीसीच्या जवळपास गरज येते. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते. शुद्ध पेट्रोलचे हवा-इंधन प्रमाण १४.७, तर ई-२० चे साधारण १३.५, म्हणून तेवढ्याच हवेला ९ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागते आणि गरज ४३० पर्यंत जाते. ५५० मध्ये पुरेशी जागा उरते. मूळ फ्युएल पंपाला मात्र ही जागा आहे असे गृहीत धरू नये. पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या रेलमधला दाब मोजून पाहावा. ट्यून नेहमी ज्या पंपावर भरता त्याच पेट्रोलवर करून घ्यावी. मुंबईत १०० ऑक्टेनवर केलेली ट्यून गावाकडे साधे पेट्रोल भरून चालवणे म्हणजे पिस्टनचा बळी देणे आहे.

आता स्टँडअलोनकडे वळू. टी-जेटला इलेक्ट्रॉनिक (पेडलच्या केबलऐवजी मोटरने हलणारा) थ्रॉटल आहे, आणि येथेच अर्धी यादी गळते. अर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारा स्पीडुइनो हौशी लोकांसाठी उत्तम आणि स्वस्त प्रकल्प आहे, पण तो इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल स्वतः चालवत नाही. मेगास्क्वर्टलाही त्यासाठी वेगळा नियंत्रक जोडावा लागतो. पेडल आणि थ्रॉटल यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या पेट्या एकमेकींशी बोलत बसाव्यात, हे घाटातल्या वळणावर मला पटत नाही. त्यामुळे थ्रॉटल, नॉकचे (इंधन अवेळी भडकण्याचे) नियंत्रण आणि कॅनची (गाडीतल्या संगणकांच्या जाळ्याची) जोडणी एकाच पेटीत असलेल्या ईसीयूंकडेच पाहावे. पोलंडच्या ईसीयूमास्टरचा ईएमयू ब्लॅक, ऑस्ट्रेलियाच्या हॅलटेकची आणि न्यूझीलंडच्या लिंकची वरच्या श्रेणीतली मॉडेले, स्वीडनचा मॅक्सईसीयू, ही चार नावे चार सिलिंडरच्या गाडीला पुरून उरतात. ईएमयू ब्लॅकमध्ये वाइडबँड (हवा-इंधन प्रमाण नेमके मोजणाऱ्या) लॅम्डाचा नियंत्रक आणि ४०० किलोपास्कलपर्यंतचा मॅप सेन्सर आतच असल्याने जोडायच्या वस्तू कमी होतात, म्हणून आपल्यासारख्या कामासाठी मी त्याला झुकते माप देईन. मोटेक या शर्यतींच्या ईसीयूला हात लावण्याचे या गाडीत कारण नाही. लिंकच्या एका मॉडेलचे नाव मान्सून आहे, पण नावावर जाऊन तो कोकणातल्या पावसासाठीच बनवला आहे असे धरू नये. कोणत्याही पेटीचा पाणी रोखण्याचा दर्जा कागदावर तपासावा.

नॉक नियंत्रण ‘आहे’ एवढ्यावरही समाधान मानू नये. सेन्सरने कोणत्या कंपनाकडे कान द्यायचा हे सिलिंडरच्या व्यासावरून ठरते. टी-जेटचा व्यास ७२ मिलिमीटर, त्यामुळे नॉकचा मूळ सूर साधारण ८ किलोहर्ट्झला येतो. ट्यूनरने आधी बूस्ट कमी ठेवून, टायमिंग मुद्दाम मागे घेऊन इंजिनाचा निरोगी आवाज सगळ्या आरपीएमवर नोंदवायचा असतो आणि त्याच्या वर मर्यादेची रेषा आखायची असते. हे न करता नुसता पर्याय चालू केला तर एकतर व्हॉल्व्हच्या टकटकीवर टायमिंग कापले जाते, किंवा खरा नॉक ऐकूच येत नाही.

स्टँडअलोनची खरी अडचण इमोबिलायझर आणि मीटर ही आहे. मूळ ईसीयू काढला की बॉडी कॉम्प्युटरला इंजिनाकडून येणारे संदेश बंद होतात, आरपीएमचा काटा पडतो आणि इशाऱ्याचे दिवे पेटतात. उपाय दोन आहेत. नव्या ईसीयूतून तेच संदेश कॅनवर पाठवायचे, किंवा मूळ ईसीयू मीटर आणि इमोबिलायझरपुरता जागेवर ठेवून इंजेक्टर, कॉइल आणि थ्रॉटल नव्याकडे द्यायचे. रोजच्या गाडीला मी दुसरा मार्ग सुचवतो. तारा वाढतात, पण गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणायची वेळ आली तर ते एका दिवसाचे काम राहते.

ब्रँडपेक्षा महत्त्वाचे काय असेल, तर त्या ब्रँडच्या सॉफ्टवेअरवर ज्याचा हात बसलेला आहे असा माणूस. आपल्याला डायनोसाठी पुणे, मुंबई किंवा फार तर बंगळूर गाठावे लागणार आहे आणि नंतरची बारीक दुरुस्ती लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) पाठवून दुरूनच करून घ्यावी लागणार आहे. म्हणून आधी ट्यूनर ठरवावा आणि तो ज्यावर रोज काम करतो तोच ईसीयू घ्यावा. ट्यूनरला लॅपटॉप दुरून जोडून घाटात काम करता येणार नाही, कारण कुंभार्लीच्या वळणांत मोबाइलला रेंज टिकत नाही. त्यामुळे लॉग ईसीयूच्या स्वतःच्या मेमरीत किंवा गाडीतल्या लॅपटॉपवर साठेल अशी सोय हवी.

कोकणातली हवा हा या निवडीतला दुर्लक्षित भाग आहे. बहुतेक स्टँडअलोन मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान यांवरून हवेचे वजन काढतात, आर्द्रता त्यांना दिसत नाही. ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा बाष्पाचा दाब ३६ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे मोजलेल्या हवेतला साडेतीन टक्के भाग जळणाला निरुपयोगी. जानेवारीत मतलई वाऱ्याच्या दिवसांत त्याच तापमानाला आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की हा वाटा निम्म्यावर येतो. ऑक्सिजन जवळजवळ दोन टक्के वाढतो, मिश्रण तेवढे पातळ होते, आणि नॉक दाबून ठेवणारे बाष्पही कमी झालेले असते. म्हणून मे महिन्याच्या घामट हवेत टायमिंग काठावर नेऊन ठेवलेली गाडी थंडीत नॉक करू लागते. उपाय साधा आहे: पूर्ण बूस्टवर एक-दोन अंश टायमिंग राखून ठेवावे आणि वाइडबँडवर आधारलेली मर्यादित दुरुस्ती चालू ठेवावी.

घाटाचा प्रश्न वेगळा आहे. घाटमाथा ६०० मीटरांच्या आसपास, तिथे वातावरणाचा दाब ९४ किलोपास्कलपर्यंत उतरतो. बूस्टचे लक्ष्य २.२ बार निरपेक्ष दाबावर बांधलेले असेल, तर चिपळूणला टर्बोला हवा २.१८ पट दाबावी लागते आणि माथ्यावर २.३४ पट. चढ लांब, वेग कमी, इंटरकूलरला वारा नाही, अशा वेळी टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापते. म्हणून वातावरणीय दाबाचा वेगळा सेन्सर असलेला ईसीयू घ्यावा, दाब उतरेल तसे लक्ष्य खाली आणावे, आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान ६० अंशांपुढे गेले की बूस्ट व टायमिंग दोन्ही मागे घेणारा तक्ता भरून घ्यावा. लॅम्डा पातळ होणे, तेलाचा दाब किंवा इंधनाचा दाब पडणे यांवर इंजिन आपोआप आवरणारे संरक्षणही पहिल्याच दिवशी चालू करावे.

वायरिंगवर पैसे वाचवू नयेत. समुद्राकडच्या हवेत उघड्या जोडातले तांबे इन्सुलेशनच्या आत बोटभर हिरवे पडलेले मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. वरून तार ठणठणीत दिसते आणि मल्टिमीटर लावला की व्होल्टेज गळताना सापडते. जोड डाग देऊन नव्हे तर योग्य पक्कडीने क्रिंप करून, आतून डिंक असलेल्या हीट श्रिंकने बंद करावेत. कनेक्टर रबरी सील असलेलेच घ्यावेत, क्रँक सेन्सरची तार शील्ड केलेली असावी आणि ते शील्ड एकाच टोकाला अर्थ करावे. सेन्सरांचा अर्थ बॉडीला न देता ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच न्यावा. पेटी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे उंचावर, कनेक्टरचे तोंड खाली करून बसवावी. पायाशी कार्पेटखाली मुळीच नको. जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात, तेव्हा हार्नेसवर (तारांच्या जुडग्यावर) काचतंतूची किंवा धातूची जाळी चढवावी.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारण्यास कारण ठरू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवूनच ट्यून करून घ्यावी, म्हणजे पीयूसीला निदान तोंड लपवावे लागत नाही.

पुढचे सांगण्यासाठी मला टर्बोचे नेमके मॉडेल, इंजेक्टरवरचा पार्ट नंबर आणि पूर्ण बूस्टवर रेलमध्ये किती दाब टिकतो एवढे कळवावे. इंजेक्टरचा डेड टाइम तक्ता उपलब्ध नसेल, तर ईसीयू मागवण्यापूर्वी इंजेक्टर बदलणे स्वस्त पडेल.