वाट विचारा : इंग्लंडचे डोंगरमाथे

या वेळची बहुतेक पत्रं लेक डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या तळ्या-डोंगरांच्या प्रदेशातल्या डोंगरांबद्दलची आहेत. त्यामुळे उत्तरंही तिथलीच.

प्रश्न : कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड अनेकदा केले आहेत. सध्या नोकरीनिमित्त मँचेस्टरला असतो. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाईक जेमतेम ९७८ मीटरचं आहे. सीथवेटवरून अकराला निघालो तर चहापर्यंत खाली येईन ना?

उत्तर : नाही. माथ्याची उंची बघू नका, पायथा किती खाली आहे ते बघा. सीथवेटचं शेत समुद्रसपाटीपासून साधारण १३० मीटरवर आहे. म्हणजे साडेआठशे मीटरचा चढ तर झालाच, आणि मधल्या चढउतारांसकट तो नऊशेच्या पुढे जातो. स्टायहेड टार्न या तळ्यावरून कॉरिडॉर रूटने जाऊन यायचं अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे.

वेळ काढायला इथे १८९२ सालचा नेस्मिथचा हिशोब अजून वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. तुमच्या वाटेला तो साडेचार तास देतो, पण त्यात बसणं, खाणं, नकाशा बघणं धरलेलं नाही. माथ्याजवळ तर सगळा मोठ्या धोंड्यांचा पसारा आहे. एकेका धोंड्यावर पाय तोलत जावं लागतं आणि वेग निम्म्यावर येतो. सात-आठ तास धरा. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आधीच सूर्य मावळतो. डिसेंबरात तर चारच्या आधी. आठला चालायला लागा. हेडटॉर्च उन्हाळ्यातही सॅकमध्ये हवाच.

खरी काळजी परतीची. कॉरिडॉर रूट पिअर्स गिल नावाच्या खोल घळीच्या माथ्यावरून जातो. ढगात उतरताना लोक इथे वाट सोडतात आणि पाण्याच्या कडेने जाणाऱ्या पायखुणांमागे खाली जातात. सह्याद्रीत नाळेने उतरायची सवय असलेल्या माणसाला ते बरोबरही वाटतं. ही घळ मात्र पुढे अरुंद होत जाते आणि सरळ धबधब्यांवर संपते. तिथून खाली जाता येत नाही आणि ओल्या कातळावरून परत वरही चढवत नाही. दरवर्षी इथून माणसं काढावी लागतात. घळीच्या आत उतरतोय असं वाटलं की त्याच क्षणी मागे फिरा, ‘आणखी थोडं बघू’ म्हणू नका. वाट ओळखीची नसेल तर आल्या वाटेनेच परत या.

प्रश्न : फोनवर नकाशा असताना कागदी नकाशा आणि होकायंत्र कशाला? आणि ते वापरायचं तरी कसं?

उत्तर : थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि पावसात ओला स्क्रीन बोट ओळखत नाही, म्हणून. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या. लेक डिस्ट्रिक्टसाठी ओएल ४ ते ओएल ७ असे चार आहेत. स्कॅफेल पाईकला ओएल ६, कॅटबेल्सला ओएल ४.

होकायंत्राची लांब कड नकाशावर ‘आत्ता आहे ती जागा’ आणि ‘जायची जागा’ यांना जोडून ठेवा. दिशेचा बाण जायच्या बाजूला हवा. मग तबकडी फिरवून तिच्यातल्या रेघा नकाशाच्या उभ्या रेघांना समांतर करा, तबकडीवरचं उत्तर नकाशाच्या वरच्या बाजूला ठेवून. आता होकायंत्र उचलून छातीसमोर आडवं धरा आणि सुईचं लाल टोक तबकडीवरच्या लाल खुणेत बसेपर्यंत स्वतः फिरा. बाण दाखवेल तिकडे जायचं. ढगात असाल तर त्या रेषेतला दिसेल तेवढा लांबचा एखादा दगड हेरा, तिथवर जा आणि पुन्हा तेच करा.

जुनी पुस्तकं चुंबकीय फरकाचे, म्हणजे नकाशाचं उत्तर आणि सुईचं उत्तर यांतल्या फरकाचे, काही अंश मिळवायला सांगतात. आता इंग्लंडात तो फरक इतका कमी आहे की चालणाऱ्याने तो सोडून दिला तरी चालतं. मोठी चूक दुसरीच होते. चुंबकाची झडप असलेलं फोनचं कव्हर जवळ असलं की सुई सरळ खोटं बोलते. फोन दुसऱ्या खिशात, हातभर लांब ठेवा.

आपण कुठे आहोत ते सांगायला ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशाच्या चौकटींवरून काढलेला जागेचा अक्षर-आकडी पत्ता, वाचता आला पाहिजे. स्कॅफेल पाईकच्या माथ्याचा ‘एनवाय २१५ ०७२’ आहे. अडचणीत ९९९ लावून आधी ‘पोलीस’ आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं. येणारे सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. आवाज पोचण्याइतकी रेंज नसेल तर मेसेजही चालतो, पण त्यासाठी घरूनच ९९९ वर ‘रजिस्टर’ असा इंग्रजीत मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवावी लागते. शिट्टीची खूण : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

प्रश्न : जुलैत आई (वय ६४) आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत आहेत. गाडी नाही. एक तरी माथा त्यांना दाखवायचा आहे.

उत्तर : कॅटबेल्स. ४५१ मीटरचा माथा, एका बाजूला डरवेंटवॉटर तळं आणि दुसरीकडे न्यूलँड्सचं खोरं. रेल्वेने पेनरिथ, तिथून बसने केझिक, आणि केझिकच्या धक्क्यावरून लाँचने हॉज एंड. लाँच तळ्याला दोन्ही दिशांनी फेऱ्या मारते, त्यामुळे चढताना विचारून घ्या. शेवटच्या फेरीची वेळ तिकीट काढतानाच लिहून घ्या.

हॉज एंडपासून साधारण ३७० मीटरचा चढ आहे. पायवाट ठळक आहे, पण दोन ठिकाणी हात टेकून चढावं लागतं. पहिला टप्पा पायी सहलींचे प्रवर्तक थॉमस आर्थर लेनर्ड यांची स्मृतिपाटी बसवलेल्या खडकाचा, दुसरा थेट माथ्याखाली. लाखो बुटांनी घासून हे खडक गुळगुळीत झाले आहेत आणि पाऊस पडला की साबणासारखे होतात. मुलाला पुढे घालून तुम्ही त्याच्या खाली राहा. आईंना पहिल्या टप्प्यावरच त्रास वाटला तर तिथूनच फिरा, कारण वरचा टप्पा याहून अवघड आहे.

चढलात त्या बाजूने उतरू नका. चढताना सोपे वाटलेले खडक उतरताना गुडघ्यांची परीक्षा घेतात. माथ्यावरून दक्षिणेला हॉज गेट या खिंडीत जा, डावीकडे वळून मॅनेस्टीला उतरा आणि तळ्याकाठच्या ब्रँडलहाउच्या झाडीतून हाय ब्रँडलहाउचा धक्का गाठा. ही झाडी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९०२ मध्ये विकत घेतली, लेक डिस्ट्रिक्टमधली त्यांची पहिली खरेदी. झाडांच्या फटींतून पाणी दिसत राहतं आणि वाट सपाट आहे. आईंना बहुधा हाच भाग जास्त आवडेल.

प्रश्न : पावसाळी ट्रेकचे कपडे आहेत. तेवढे पुरेत का?

उत्तर : सह्याद्रीत भिजणं चालतं, कारण पाऊस कोमट असतो. इथे नऊशे मीटर चढलात की पायथ्यापेक्षा सहा अंश थंडी वाढते, शिवाय वारा. भिजलेला सुती टीशर्ट आणि जीन्स अंगातली ऊब ओढून घेतात. हात आखडले की साधी चेनही लावता येत नाही. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर जलरोधक जाकीट आणि पँटही. टोपी आणि हातमोजे जुलैतसुद्धा. खायला चपातीचे रोल, चिक्की आणि थर्मासात चहा.

प्रश्न : कुंपणं आणि मेंढ्या दिसतात, तिथून जायची परवानगी असते का?

उत्तर : १:२५,००० च्या नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेली वाट सार्वजनिक हक्काची, तिथून कुणी अडवू शकत नाही. काळी तुटक रेघ म्हणजे फक्त जमिनीवर वाट आहे, हक्क असेलच असं नाही. पिवळसर रंगाच्या भागात २००० सालच्या कायद्याने कुठूनही पायी फिरता येतं. हा हक्क सहज मिळाला नाही. २४ एप्रिल १९३२ ला पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटवर शेकडो कामगार मुद्दाम बंदी मोडून चढले होते आणि त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर आपल्यामागे बंद करा. रचीव दगडी भिंतींवर चढू नका, त्यांत चुना-सिमेंट नसतं आणि एक दगड निसटला की पुढचे ढासळतात. कुत्रा असेल तर पिवळसर भागात १ मार्च ते ३१ जुलै दोन मीटरच्या आतल्या दोरीवरच. मेंढ्यांजवळ तर वर्षभर.