कॅसेटचा भाव काढण्याआधी

बेटा,

तुझा मेसेज मिळाला, फोटोही पाहिले. मामांच्या पेटीतली कॅसेट 'सुपर मारिओ ६४' या व्हिडिओ गेमची दिसते आहे, निन्टेन्डो ६४ या मशीनवर चालणारी. मामा मस्कतला होते तेव्हा घेतली असणार. हाच गेम साडेअकरा कोटींना गेल्याची बातमी तू पाठवलीस, तीही खरी आहे. तुझ्या हातातल्या वस्तूचा आणि त्या बातमीचा संबंध मात्र फार थोडा आहे. तुला हा धंदा करायचा आहे म्हणतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात या गेमची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती कारखान्यातून निघाल्यापासून कधीच उघडलेली नव्हती. वरचं प्लास्टिकसुद्धा शाबूत होतं. वाटा नावाच्या ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे वस्तूची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीने, तिला दहापैकी ९.८ गुण दिले होते आणि सीलला सर्वात वरची श्रेणी, ए प्लस प्लस. आता दुसरी बाजू बघ. १९९६ साली आलेल्या या गेमच्या जगभरात १ कोटी १९ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. घेतला की पोरांनी त्याच दिवशी डबा फाडला आणि खेळायला बसले. गेम असतो त्यासाठीच. त्यामुळे उघड्या कॅसेटी जगात ढिगाने आहेत आणि न उघडलेला, कोपरे न दबलेला डबा शोधून सापडत नाही. त्या लिलावात पैसे मोजले गेले ते न उघडण्याचे.

तू कापूसवाल्या घरचा आहेस, तुला हे लगेच कळेल. जिनिंगवर मुहूर्ताच्या दिवशी पहिल्या गाडीला शाल-नारळ देऊन जो भाव देतात, तो दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. त्या भावावर घरातल्या गंजीचा हिशेब कोणी करतं का? २०२१ सालचे ते आकडे तसेच मुहूर्ताचे होते. त्याच आठवड्यात 'झेल्डा' या दुसऱ्या गेमची सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली आणि ऑगस्टमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची २० लाख डॉलरला. कोरोनात लोक घरी होते, हातात पैसा होता, गुंतवणूकदार शिरले होते. पुढे भाव उतरले. बाजार मुद्दाम फुगवला, असा आरोप करत काही ग्राहकांनी २०२२ मध्ये त्या ग्रेडिंग कंपनीवर अमेरिकेत दावाही लावला.

मग तुझ्या कॅसेटला काय मिळेल? सुटी, चालू, लेबल शाबूत असलेली प्रत साधारण दोन ते चार हजार रुपयांच्या आसपास जाते. तुला वाईट वाटेल, पण हाच आकडा डोक्यात ठेव.

हा आकडा मी कुठून काढला, ते शिकून घे. ईबेवर किंवा आपल्याकडच्या ॲपवर लोक काय मागतात ते बघू नको. मागणारा दहा लाखही मागेल, त्याला कोण अडवणार? ईबेवर 'सोल्ड'चा फिल्टर लाव, म्हणजे पैसे देऊन झालेले व्यवहारच दिसतात. प्राइसचार्टिंग नावाची साईट अशाच विक्रीवरून लूज, कंप्लीट आणि सील्ड असे वेगवेगळे भाव दाखवते. लूज म्हणजे नुसती कॅसेट, कंप्लीट म्हणजे डबा आणि पुस्तिकेसह. गेम कुठल्या प्रदेशासाठी काढला होता तेही जुळव. आखातातून आलेला माल पाल या टीव्ही पद्धतीचा, म्हणजे युरोपच्या बाजूचा असू शकतो. तो अमेरिकन मशीनवर चालत नाही आणि त्याचा भावही वेगळा. तुझ्याच प्रकारच्या मागच्या काही विक्री बघ, सर्वात वरची आणि सर्वात खालची सोडून दे. उरेल तो तुझा भाव.

पेटी पुन्हा उपस. या मशीनच्या गेमचे डबे पुठ्ठ्याचे असायचे. बहुतेकांनी ते फेकले, उरलेले आपल्याकडे उधळीने आणि कसरीने खाल्ले. म्हणूनच नुसत्या रिकाम्या डब्यालाही गिऱ्हाईक असतं, आणि डबा-पुस्तिका सापडली तर किंमत कितीतरी वर जाते. सापडलाच, तर त्यावरचं दुकानाचं जुनं स्टिकर खरवडू नको. पुठ्ठ्याचा वरचा थर निघून येतो आणि हजाराचं नुकसान होतं. पत्र्याच्या खोलीत ठेवू नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, लेबलचा गोंद सुटतो. पावसाळ्यात ओल धरते ती वेगळीच. घरात सर्वात थंड आणि कोरडं कपाट असेल तिथे, झाकणाच्या डब्यात ठेव.

आता खरी की नकली. या गेमच्या नकला भरपूर आहेत. कॅसेटच्या पाठीला दोन स्क्रू असतात, साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. आत पत्र्याचं कवच आणि त्यात हिरवी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड. अस्सल पाटीवर निन्टेन्डोचं नाव आणि साल स्वच्छ छापलेलं असतं, चिपांच्या टाक्यांची रांग एकसारखी असते. नकलीत काळ्या डिंकाचा गोळा दिसतो किंवा हाताने केलेलं डाग-काम. बाहेरून बघायचं तर लेबलची छपाई बघ: नकलीवर बहुधा रंग चुकलेले असतात, बारीक अक्षरं फुटतात. बिट मिळेपर्यंत स्क्रूला हात लावू नको. झिजलेला स्क्रू पाहिला की गिऱ्हाईक आधीच बिचकतं.

चालते का, हेही दाखवावं लागेल. मशीनचा ॲडॉप्टर लावण्याआधी त्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते वाच. १२० असेल तर आपल्या लाईनवर लावलास की तो गेलाच. कॅसेटीत फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांचीच, पण ती सोड. तोंडातली ओल तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, कान कोरायच्या कापसाच्या काडीला थोडं लाव, पट्ट्या हलक्या हाताने पूस आणि पूर्ण वाळू दे. काडी काळी निघेल, दोन-तीन काड्या लागतील. पेट्रोल, थिनर अजिबात नको. या गेममध्ये बॅटरी नसते, त्यामुळे ती काळजी नाही. पुढे पोकेमॉनच्या जुन्या कॅसेटी हाती आल्या तर सेव्ह होतं की नाही ते आधी तपास, आतली बॅटरी बहुतेक संपलेली असते.

कापसाच्या चुकाऱ्यातले पंचवीस हजार घेऊन जुन्या गेमचा लॉट उचलायचं तू लिहिलंस. हे मला मुळीच पटलेलं नाही. ते पैसे बियाण्याचे आणि खताचे आहेत. जुन्या गेमचं गिऱ्हाईक आज येईल, नाहीतर सहा महिन्यांनी येईल. पेरणी थांबत नाही. ही एक कॅसेट वीक, त्या पैशातून दुसरी घे. एवढ्यातच किती शिकायला मिळतं बघ.

आणि शोधायचंच असेल तर आपल्याकडे शोध. प्लेस्टेशन २ साठी भारतातच तयार झालेले गेम आहेत: २००९चा 'हनुमान: बॉय वॉरियर', त्याच सुमाराचा 'देसी अड्डा', २०१०चा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. हे आपल्याच बाजारासाठी निघाले आणि लोकांनी पायरेटेड सीडीवर भागवल्यामुळे अस्सल प्रती कमीच उरल्या. मारिओची कॅसेट युरोपात कुठेही मिळेल, या तबकड्या मिळायच्या त्या नागपूर-अमरावतीच्या एखाद्या दुकानाच्या वरच्या फळीवर. तुझ्या जागेचा हा खरा फायदा आहे, जपानहून माल मागवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना तो नाही. '९९९९ इन १'च्या नकली पिवळ्या कॅसेटी मात्र कोणी कितीही गळ्यात मारल्या तरी धंद्यासाठी घेऊ नको.

विकताना कोणी म्हणालं, 'क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील', तर तिथेच बोलणं बंद कर. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पार्सल बांधतानाचा व्हिडिओ काढ. लेबलवर ओरखडा असेल तर तो फोटोत आधीच दाखव. या छंदातले लोक थोडे आहेत, एकमेकांना ओळखतात, आणि खरं सांगणाऱ्याकडून पुन्हा घेतात.

सध्या एवढंच कर. कॅसेटच्या पाठीचा आणि ॲडॉप्टरच्या लेबलचा फोटो दिवसा उजेडात काढून पाठव. आणि मामांना आधी फोन कर. वस्तू त्यांची आहे. विकायची की नाही हे त्यांना ठरवू दे, आणि भाव त्यांना खरा सांग.

तुझा,
काका