'कमांड नॉट फाउंड' आलं म्हणून फॉरमॅट मारू नकोस, भावा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) पिपने, म्हणजे पायथॉनची टूल्स टाकणाऱ्या प्रोग्रामने, एक टूल टाकलं, शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' आलं, पण नाव टाइप करून एंटर मारला की 'कमांड नॉट फाउंड'. काढून परत टाकलं तरी तेच. मित्र म्हणतो फॉरमॅट मार. मारू का, की सरळ विंडोजवर परत जाऊ?

नको मारू. त्या मित्राला चहा पाज आणि घरी पाठव. (कमांड खाली देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळून.)

हा प्रश्न बघून मला राहवलं नाही, कारण याच तीन शब्दांपायी आमच्या वर्कशॉपमध्ये एक चांगला चालता पीसी पुसला गेलाय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं जॉबवर्कचं काम आहे. फाउंड्रीतून पंपाची, व्हॉल्व्हची कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. व्हीएमसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनचे) प्रोग्राम बनवायला ऑफिसात एक उबुंटूचा पीसी ठेवलाय. ड्रॉइंगच्या फाईलवरून जी-कोड (मशिनला कळणाऱ्या सूचना) काढणारं पायथॉनचं एक टूल आमच्या पोराने त्यावर टाकलं. मी नेमका इचलकरंजीला गिऱ्हाइकाकडे. टूल चालेना, पोरगं घाबरलं, आणि त्याने मला सोडून दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईचे मिस्टर. कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून घरात कुणाचा मोबाइल तापला तरी दाजींनाच विचारायचं असा रिवाज.

दाजींनी ओळखीचा एक सर्व्हिसवाला पाठवला. त्याने तेच नाव परत टाइप केलं, तेच तीन शब्द आले. 'ओएस करप्ट आहे' म्हणाला आणि फॉरमॅट मारून मोकळा झाला. होम फोल्डरात जुन्या जॉबचे प्रोग्राम होते, कुठल्या फिक्स्चरला कुठला ऑफसेट धरायचा याची टिपणं होती. सगळं गेलं. पेन ड्राइव्हवर बॅकअप होता तो दिवाळीच्या आधीचा. गंमत पुढे आहे. उबुंटू नव्याने चढवलं, टूल टाकलं, एंटर मारला. कमांड नॉट फाउंड. मग पठ्ठ्या म्हणतो, हार्डडिस्क गेली असणार. एसएसडीचं कोटेशन टेबलावर ठेवून गेला.

संध्याकाळी आलो. टूल परत टाकायला लावलं आणि पोराला म्हटलं, स्क्रीन वर सरकव. वर पिवळ्या अक्षरांत सरळ लिहिलेलं होतं, की ही स्क्रिप्ट होम फोल्डरातल्या .लोकल/बिन मध्ये ठेवली आहे आणि ती जागा पाथवर नाही. पिप स्वतः सांगत होतं! पण सगळ्यांची नजर खालच्या 'सक्सेसफुली' वर. लॉग आउट केलं, परत लॉग इन केलं, टूल चालू. बाकी काही नाही.

यामागचं कारण नीट समजून घे, कारण तुझं दुखणं बहुतेक हेच आहे. तू नुसतं नाव टाइप करतोस तेव्हा शेल (टर्मिनलमध्ये तुझी कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) सगळी डिस्क धुंडाळत नाही. पाथ नावाच्या यादीतली फोल्डरं डावीकडून उजवीकडे बघतो, पहिलं सापडेल ते चालवतो, नाही सापडलं की हात वर करतो. वर्कशॉपमध्ये पोऱ्याला 'बारा-तेराचा पाना आण' म्हटलं की तो ठरलेले रॅक बघून 'न्हाई' म्हणत परत येतो आणि पाना लेथखाली पडलेला असतो, तसला प्रकार. आता उबुंटूची मेख. सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार देणारी कमांड) न लावता पिप चालवलं की ते प्रोग्राम ~/.लोकल/बिन मध्ये ठेवतं (~ म्हणजे तुझं होम फोल्डर). तुझ्या .प्रोफाइल फाईलमध्ये ही जागा पाथला जोडायची सोय आधीपासून आहे, पण अट अशी की लॉग इन होताना ते फोल्डर अस्तित्वात असलं पाहिजे. पहिलं टूल टाकतोस तेव्हाच ते फोल्डर जन्माला येतं, म्हणजे लॉग इन आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणूनच फॉरमॅटने हा एरर जात नाही, उलट हमखास येतो. नवीन मशिनवर ते फोल्डर नसतंच की! सर्व्हिसवाल्याने दुखणं स्वतःच्या हाताने नव्याने पेरलं आणि त्याचे पैसे घेतले.

तर तू आधी लॉग आउट करून बघ. नाहीच झालं तर 'एको $पाथ' मार आणि कोलनने तोडलेली यादी वाच. पाथ कॅपिटल अक्षरांत. तुझं फोल्डर त्यात नसेल तर होम फोल्डरातल्या .बॅशआरसी फाईलच्या शेवटी ही ओळ घाल:

एक्सपोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

इथेही होम आणि पाथ दोन्ही कॅपिटल, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. शेवटचं कोलन आणि $पाथ विसरलास तर जुनी यादी उडते आणि मग एलएस, सुडो, नॅनो सगळेच 'नॉट फाउंड'. अशा वेळी लोक हमखास रडकुंडीला येतात आणि फॉरमॅटवाल्याला बोलावतात. काही बिघडलेलं नसतं. पूर्ण पत्ता देऊन /युएसआर/बिन/नॅनो असं (नॅनो म्हणजे फाईल बदलायचा एडिटर) चालवायचं, ओळ दुरुस्त करायची, नवीन टर्मिनल उघडायचं.

यादी बरोबर असून सापडत नसेल तर नाव तपास. पॅकेजचं आणि कमांडचं नाव एकच असेल असं नाही. रिपग्रेप टाकलं की कमांड 'आरजी' असते. डेबियन-उबुंटूवर 'बॅट' टाकलं की 'बॅटकॅट' टाइप करावं लागतं. उबुंटूवर 'पायथॉन' नाही, 'पायथॉन३' म्हणायचं. आणि स्वतः डाउनलोड केलेली फाईल समोरच्या फोल्डरात असली तरी लिनक्स तिथे बघत नाही, आधी डॉट आणि स्लॅश लावावा लागतो. साधं चालतं पण सुडो लावलं की सापडत नाही? सुडो स्वतःची वेगळी यादी वापरतो. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनचंही तसंच, तिथे पूर्ण पत्ताच लिही.

दाजींचं म्हणणं, हे सगळं पुस्तकी, गिऱ्हाइकाला मशिन चालू पाहिजे, पाथबिथ कोण बघत बसणार. ताईच्या घरी बारशाच्या पंगतीत हा वाद झाला, तांबडा-पांढरा गार होईपर्यंत. 'ही नवीन लिनक्सची भानगड' असंही म्हणाले. दाजी, ही यादी १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये होती. आणि तुमच्या दुकानातल्या विंडोजमध्येही आहे, फक्त कोलनऐवजी सेमीकोलन. बॅश (उबुंटूचा शेल) तर आकडा देऊन सांगतो: कमांड सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवता येत नाही तर १२६. एरर आल्या आल्या 'एको $?' मारलं की दिसतो. ज्याला हा फरक बघायचा नाही त्याने दुसऱ्याच्या मशिनला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजवर परत जायचं विचारतोस. जा की, पण या एररला कंटाळून जाऊ नकोस. तिथे पायथॉन टाकताना पाथमध्ये जोडायचा चौकोन आपणच टिक करावा लागतो, नाहीतर 'पायथॉन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. आणि पाथ बदलायला सेटएक्स वापरू नकोस, १०२४ अक्षरांच्या पुढचं ते कापून टाकतं. सेटिंगमधल्या खिडकीतून बदल आणि टर्मिनल बंद करून परत उघड. मॅकवर २०१९ पासून बॅशऐवजी झेडशेल असतो, म्हणजे ओळ .झेडएसएचआरसी मध्ये.

एक राहिलं. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांवर पिप असं थेट टाकूच देत नाही, एररच देतं. तिथे पिपएक्स वापर आणि एकदा 'पिपएक्स एन्शुअरपाथ' चालव. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथॉनच्या एका कामापुरत्या वेगळ्या फोल्डरात) टाकलं असशील तर ते आधी अ‍ॅक्टिव्हेट कर, नाहीतर वरचं सगळं करूनही सापडणार नाही. आणि डिस्क खरोखर मेलेली असते तेव्हा फॉरमॅटला माझी ना नाही. पण त्याची लक्षणं वेगळी असतात.

दाजी, हे तुम्ही वाचणार हे माहीत आहे, ताईच दाखवेल. त्या सर्व्हिसवाल्याला घेऊन एकदा उद्यमनगरात या. पीसी तोच आहे, हार्डडिस्कही तीच, 'गेलेली'. त्याच्यासमोर नवीन युजर काढतो, टूल टाकतो, तेच तीन शब्द आणून दाखवतो आणि लॉग आउट करून घालवूनही दाखवतो. एसएसडीचं कोटेशनही जपून ठेवलंय.