अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेत नेमके काय काम चालते?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे अहवाल लिहिले जातात, पण त्यापलीकडे तिथे नेमके काय काम होते आणि त्याचा सामान्य माणसाला काय उपयोग होतो. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. ग्रामीण पाहण्यांमध्ये प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरलो आहे आणि या संस्थेचे जुने अहवाल बराच काळ वाचत आलो आहे. त्या आधारावर उत्तर देतो.

माझ्या मते अशा संस्थेचे मूळ काम मोजण्याचे आहे. कालव्याच्या पाण्याने कोणाचे उत्पन्न वाढले, कूळकायद्याने कुळांच्या हाती खरोखर जमीन आली का, शहरात आलेल्या माणसाच्या मुलाला बापापेक्षा बरे काम मिळते का, या प्रश्नांवर गावच्या पारापासून विधिमंडळापर्यंत सगळेच ठामपणे बोलतात. त्यांपैकी कोणाचे म्हणणे कितपत खरे आहे हे ठरवण्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, ठरलेल्या पद्धतीने, पुरेशा घरांत तोच प्रश्न विचारावा लागतो. हे काम कंटाळवाणे आणि खर्चिक असते, त्यातून लगेच काही हाती लागत नाही, आणि म्हणूनच ते करणारी स्वतंत्र संस्था असावी लागते.

गोखले संस्था 1930 साली सुरू झाली. नामदार गोखल्यांनी 1905 मध्ये स्थापलेल्या भारत सेवक समाजाकडे साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा अवघे 29 वर्षांचे होते आणि 1966 पर्यंत त्यांनीच संस्था चालवली. त्यांनी सुरुवातीला निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. 1933 साली पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 1935 साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची पाहणी. त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे चलन, हुंडणावळ (परकीय चलनाचा विनिमयदर) आणि इंग्रजी ग्रंथांतील सिद्धान्त अशी समजूत असताना, बागायतदाराच्या फळाला मंडईत काय भाव मिळतो आणि दलालाकडे किती जातो, हा संशोधनाचा विषय मानणे ही मोठीच गोष्ट होती. पुढे 1940 साली वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी आली, आणि 1948 साली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा अहवाल आला. याच प्रवरेच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद गाडगिळांनी स्वीकारले आणि 1950 मध्ये त्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. ज्या भागाचा अभ्यास केला त्याच भागाच्या कामात उतरण्याचे हे उदाहरण मला आजही अनुकरणीय वाटते.

पुणे शहराच्या पाहणीचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. 1936-37 मध्ये घरोघरी जाऊन जमवलेल्या माहितीवर आधारलेला पहिला भाग 1945 साली आणि दुसरा 1952 साली प्रसिद्ध झाला. तेवढ्यावर न थांबता संस्थेतलेच एन. व्ही. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये शहराची फेरपाहणी केली. एकदा केलेली पाहणी त्या वेळचे चित्र दाखवते. तीच पुन्हा केली की काय बदलले आणि काय जागच्या जागी राहिले ते कळते. आजोबा, वडील आणि मुलगा या तीन पिढ्यांच्या व्यवसायांत किती फरक पडला, याचा अभ्यास याच कामातून पुढे झाला. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटल्यानंतर पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा अभ्यासही संस्थेतल्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी केला.

उपयोगाबद्दल आपण विचारले आहे, म्हणून संस्थेतल्याच दोन अहवालांवर जरा सविस्तर लिहितो.

पहिला वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांचा, 1948 च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीवरचा, 1957 साली प्रसिद्ध झालेला. कायद्याने संरक्षित कुळांना जमिनीवरून सहजासहजी हलवता येत नव्हते. तरीही कुळे जमिनीवरून जातच होती. मालकाने जातीने कसण्यासाठी जमीन परत घेतली असे काही ठिकाणी दिसले, तर अनेक ठिकाणी कुळाने आपण होऊन जमीन सोडल्याची नोंद होती. कागदावर ‘स्वखुशीचे’ राजीनामे होते. ज्या गावात मालक हाच सावकार, तोच गावचा पुढारी आणि अडीनडीला दाणे देणाराही तोच, तिथे कुळाची खुशी कितपत स्वतःची असते, हे गावात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण हे घडते आहे असे म्हणणे वेगळे आणि निवडलेल्या गावांतील जमिनींचा वर्षवार माग काढून ते दाखवून देणे वेगळे. कायदा झाला म्हणजे सुधारणा झाली, या समजुतीला त्या अहवालाने आकड्यांनिशी धक्का दिला. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेबद्दल ज्यांना मनापासून आस्था आहे, त्यांनी तो जरूर वाचावा असे मला वाटते.

दुसरा म्हणजे दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा 1971 सालचा अभ्यास. आज दारिद्र्यरेषा हा शब्द रेशनकार्डापर्यंत पोहोचला आहे, पण ती रेषा आखायची कशी, हे तेव्हा ठरलेले नव्हते. दांडेकर-रथांनी माणशी दररोज सरासरी 2250 कॅलरी इतका आहार ही किमान गरज धरली. मग राष्ट्रीय नमुना पाहणीतील, म्हणजे सरकार देशभर निवडक घरांत करते त्या खर्चाच्या पाहणीतील, तक्ते पाहून, किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना इतका आहार प्रत्यक्षात मिळतो ते शोधले. त्या पातळीवरचा एकूण खर्च, म्हणजे धान्याबरोबर कपडालत्ता, सरपण, दिवाबत्ती यांवर ती कुटुंबे जो काही खर्च करतात तो धरून, ही दारिद्र्यरेषा झाली. 1960-61 च्या किमतींना ती ग्रामीण भागात माणशी दरमहा सुमारे 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. या हिशेबाने ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के आणि शहरांतील सुमारे 50 टक्के लोक रेषेखाली होते. या पद्धतीत एक उणीव आहे, ती लपवण्याचे कारण नाही. त्या कुटुंबांनी औषधपाण्यावर आणि शिक्षणावर जेवढा खर्च केला तेवढाच मोजला गेला. किती व्हायला हवा होता, हा प्रश्न तसाच राहिला.

या कामावर पुण्यातच मोठा वाद झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक राहिलेले पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे होते की, माणसामाणसाची, इतकेच नव्हे तर एकाच माणसाचीही ऊर्जेची गरज कमीजास्त होत असते. त्यामुळे सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला अर्धपोटी समजणे चुकीचे आहे. दांडेकरांनी त्याला उत्तरे दिली. भूक कशी मोजायची यावर एकाच शहरातले दोन विद्वान इतक्या कसोशीने भांडले, याचा मला अभिमान वाटतो. त्या अभ्यासातील उपायही महत्त्वाचा होता: काम मागणाऱ्याला ठरावीक मजुरीवर सार्वजनिक कामे मिळावीत. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात आकाराला आली, तिचे श्रेय विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचे आहे आणि त्यात वाटेकरी जोडण्याचा माझा हेतू नाही. पण कामाच्या हक्काचा विचार त्या काळात अनेक बाजूंनी पुढे येत होता, एवढे मात्र दिसते.

आता पाहणीचे काम जवळून कसे असते ते सांगतो. प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न असतो, घरात माणसे किती. एकाच वाड्यात दोन भाऊ राहतात आणि चुली दोन असतात, तेव्हा कुटुंबे दोन धरायची. मुलगा मुंबईला आहे, पैसे पाठवतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. त्याला घरात मोजायचे का, हे नियमात आधीच लिहिलेले असावे लागते, नाहीतर एका अन्वेषकाचे, म्हणजे घरोघरी माहिती घेणाऱ्याचे, घर पाच माणसांचे आणि दुसऱ्याचे सहा माणसांचे होते. पुढे धान्य येते. बाई सांगते, महिन्याला दोन पायल्या ज्वारी लागते. पायली सगळीकडे सारखी नसते, म्हणून गावातले माप भरून, तोलून, किलोत मांडावे लागते. मग तिच्याच कामाचा रकाना. ‘मी काही करत नाही, घरीच असते,’ असे ती म्हणते, आणि बोलता बोलता कळते की पहाटे धारा काढणे, वैरण आणणे, खुरपणी, सगळे तिच्याकडेच आहे. अन्वेषकाने तिचे पहिले वाक्य तेवढे लिहून घेतले, तर देशाच्या आकडेवारीत ती बिनकामाची ठरते. किती दिवसांचा खर्च विचारायचा यानेही उत्तर बदलते. 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, असा दोन्ही प्रकारे विचारला गेला आणि त्यावरून देशातील दारिद्र्य किती घटले याबद्दल अर्थतज्ज्ञांत बराच वाद झाला. कोट्यवधी माणसे रेषेच्या वर की खाली, हे अशा एका रकान्यावर अवलंबून असते.

बाकीचे उपक्रम थोडक्यात सांगतो. पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.चे मार्गदर्शन होते. संस्थेला 1993 पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. शेतीविषयक अभ्यास आणि लोकसंख्येचा अभ्यास यांची स्वतंत्र केंद्रे आहेत. ‘अर्थविज्ञान’ ही संशोधनपत्रिका 1959 पासून निघते. काळे स्मृती व्याख्यानांची परंपरा आहे. 29 जानेवारी 1939 रोजी डॉ. आंबेडकरांनी 1935 च्या कायद्यातील नियोजित संघराज्यावर केलेले परखड भाषण याच व्याख्यानमालेतले. ग्रंथालयात जुन्या जनगणना, गॅझेटियरे आणि सरकारी अहवाल यांचा जो साठा आहे, तो महाराष्ट्रावर काम करणाऱ्याला टाळता येत नाही.

सरकारने अहवाल वाचून लगेच धोरण बदलले, असे क्वचितच होते. पण ज्याची मोजणी झाली ते नाकारणे अवघड जाते. 1984 मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील समितीने महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. तेव्हापासून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील अनुशेषाचा वाद ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर थांबत नाही. सिंचन किती, रस्ते किती, शाळा किती, अशा आकड्यांत तो मांडावा लागतो. सामान्य माणसाला होणारा उपयोग मी यालाच म्हणतो.

आपल्याला किंवा आपल्या ओळखीच्या कोणा विद्यार्थ्याला या क्षेत्रात यायचे असेल, तर सुरुवात पाठ्यपुस्तकाने न करता कूळकायद्याच्या त्या अहवालाने करावी, आणि गावे कशी निवडली, कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या नोंदी ताडून पाहिल्या, त्या पानांवर आधी वेळ द्यावा. मग आपल्याच गावच्या एका आळीतील दहा-वीस घरांसाठी प्रश्नावली तयार करून ती विचारून पाहावी.