रँक नंतर, आधी तीन माणसं जोड
अरे बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाइल गेम, नुकताच टाकलायस ना, मग लगेच रँकच्या मागे लागू नको, आधी रोज सोबत खेळणारे तिघं शोध, कारण स्क्वॉड चौघांचा आणि मॅचमध्ये १०० जण उतरतात, एकटाच धावत सुटलास तर नॉक झाल्यावर, म्हणजे गोळ्या लागून खाली पडल्यावर, उचलायला जवळ कोणी नसतं. एरँगल हा गेममधला मॅप ८ बाय ८ किलोमीटरचा आहे, त्यामुळे विमानातून उडी टीमसोबतच मार. माइकवर नुसतं 'तिकडे आहे' नको, कंपासचा आकडा सांग. आमची कॉलेजची पोरं नोकरीपायी पांगली, एक नाशिकला एक पुण्यात, तरी रात्री दहाला गेमच्या लॉबीत भेटतोच, मला तर किल्सपेक्षा त्या गप्पाच जास्त प्रिय आहेत. कोणी शिव्या दिल्या तर सरळ म्यूट कर आणि रिपोर्ट टाक. पासवर्ड मात्र कोणालाच नाही द्यायचा, कितीही भारी स्किन (बंदुकीचं किंवा कपड्यांचं सजवलेलं रूप) देतो म्हणाला तरी.